हजार शब्दांचं ठीक आहे हो, पण बाकीच्या दिवसाचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत रोज हजार शब्द लिहा आणि तीन महिन्यांत कादंबरी हातात, अशा अर्थाचा एक लेख आला होता. माझ्या धाकट्या बहिणीने त्याचा फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, “ताई, बघ गं, तीन महिने.” मला कादंबरी लिहायला चार वर्षं तीन महिने लागलेत आणि ती अजून छापून यायचीये, तेव्हा हे पत्र रागाने लिहिलंय असं समजू नका. म्हणजे थोडं रागानेच लिहिलंय, पण मुद्दा आहे, तो ऐका.

मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते, साहित्याशी माझा संबंध वाचण्यापुरता होता. एक कादंबरी १४० पानांवर मेली, दुसरी पूर्ण झाली. त्यामुळे मी काही मोठी लेखिका वगैरे नाही, पण जमाखर्च मला कळतो, आणि त्या लेखातला जमाखर्च चुकलाय एवढंच सांगायचंय.

लेखात अँथनी ट्रोलपचं उदाहरण दिलं होतं. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार, पोस्टात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांत २५० शब्द लिहायचा, आणि अशा हिशेबाने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. हे सगळं खरंय, त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, ते त्याच्या मरणानंतर १८८३ साली छापलं गेलं. पण त्याच आत्मचरित्रात अजून दोन गोष्टी आहेत ज्या लेखात आल्या नाहीत. एक म्हणजे तो बसल्या बसल्या लिहायला लागत नसे, आदल्या दिवशी लिहिलेलं आधी वाचायचा आणि त्यात त्याचा अर्धा तास जायचा. तीन तासांतला अर्धा तास! आणि दुसरी म्हणजे त्याला पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता, त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळायचे, आणि तो नोकर एकदाही उशिरा आला नाही असं ट्रोलप कौतुकाने सांगतो. आता मला सांगा, आमच्या घरी पहाटे उठून सगळ्यांना उठवणारी जी व्यक्ती आहे तीच जर कादंबरी लिहीत असेल तर तिने ते पाच पौंड कोणाकडून घ्यायचे?

गंमत सोडा. पण तो अर्धा तास हा माझा मुद्दा आहे. लेखात शब्द मोजलेत, परत जाणं मोजलंच नाही, आणि कादंबरी लिहिणं म्हणजे मला तरी बहुतेक वेळा परत जाणंच वाटलंय.

माझी वेळ पहाटे पाच दहा ते सहा चाळीस. दीड तास. त्यातली पहिली पंचवीस-तीस मिनिटं कालचं वाचण्यात जातात आणि वाचताना दर वेळी तेच होतं, काल रात्रीपर्यंत जे बरं वाटत होतं ते सकाळी कोणीतरी दुसऱ्याच बाईने लिहिल्यासारखं वाटतं, आणि ती बाई मला आवडत नाही. मग दुरुस्त्या. मग पुढचं लिहायला राहतात पन्नास मिनिटं, त्यात एखाद्या दिवशी चारशे शब्द होतात, एखाद्या दिवशी चाळीस, आणि एखाद्या दिवशी, हे लेखवाल्यांनी नीट वाचावं, वजा तीनशे. हो, वजा. मी एक्सेलमध्ये रोजचा आकडा लिहायचे, सवयच आहे, आणि त्या शीटमध्ये लाल आकडे भरपूर आहेत. पहिला खर्डा १ लाख १२ हजार शब्दांचा होता, शेवटचा ७८ हजारांचा आहे. म्हणजे ३४ हजार शब्द लिहून फेकले. हजार रोजच्या हिशेबाने चौतीस दिवस फुकट गेले म्हणायचं का? मी म्हणणार नाही, कारण ते लिहिल्याशिवाय ते नको आहेत हे कळलंच नसतं.

एक वाक्य दाखवते, म्हणजे काय म्हणतेय ते कळेल. माझ्या कादंबरीत सुमन नावाची मोठी बहीण आहे, वडील गेल्यावर ती त्यांचं घर बंद करून निघते. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, “सुमनने जड अंतःकरणाने दाराला कुलूप लावलं आणि डोळ्यांत आलेलं पाणी पुसत ती निघाली.” तेव्हा मला हे फार छान वाटलेलं, लिहून झाल्यावर मी स्वतःच दोन मिनिटं गप्प बसले होते. आठवड्याने वाचलं तेव्हा कळलं की यात सुमन कुठेच नाहीये, हे वाक्य जगातल्या कोणत्याही बाईला कोणत्याही दाराशी उभं करून लावता येईल. जड अंतःकरण हे रेडीमेड मिळतं, डोळ्यांतलं पाणीही. मग ती नक्की काय करेल असा विचार करत तीन सकाळी गेल्या, काहीच लिहिलं नाही, नुसती बसून होते. चौथ्या दिवशी ऑफिसातून निघताना कपाट बंद केलं, आणि कुलूप लागलंय की नाही बघायला मी ते दोनदा ओढलं. बस, मिळालं. “सुमनने कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं.” एवढंच.

पण एवढ्यावर संपत नाही, खरी मेहनत पुढेच आहे. दोनदा ओढण्याला अर्थ तेव्हाच येणार जेव्हा वाचणाऱ्याला माहीत असेल की ही सवय वडिलांची होती आणि लहानपणी सुमनला तिचा राग यायचा, बस चुकायची त्यामुळे. म्हणजे तिसऱ्या प्रकरणात जाऊन ते पेरायला हवं. तिसऱ्या प्रकरणात गेले तर तिथे मी वडिलांच्या दाराला कडी दाखवलेली, कुलूप नाहीच! आणि त्या कडीवर पाचव्या प्रकरणातला एक प्रसंग अख्खा उभा, आतून कडी लागल्यामुळे धाकटी बाहेर राहते तो. मग कडीही ठेवली, कुलूपही आणलं, ते पण सहज आलंय असं वाटलं पाहिजे, कोणी मुद्दाम आणून ठेवलंय असं नको. या सगळ्यात नऊ दिवस गेले. तेरा शब्दांच्या वाक्याचे सहा झाले, म्हणजे पेरणी सोडली तर नऊ दिवसांची कमाई वजा सात शब्द. आता हे मी बहिणीला ग्रुपवर कसं सांगणार.

हेमिंग्वेने एका कादंबरीचा शेवट ३९ वेळा लिहिला असं त्याने मुलाखतीत सांगितलंय, आणि पुढे २०१२ साली त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली तिच्यात त्याचे वेगवेगळे ४७ शेवट छापलेत. हे वाचलं तेव्हा मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. एवढ्या मोठ्या माणसाची जर ही गत तर माझी नऊ दिवसांची सुट्टी चालून जाईल.

आता हिशेबाची दुसरी गोष्ट, जी कोणीच सांगत नाही. कादंबरीत माणसं सांभाळावी लागतात हो, अगदी खरीखुरी खातेवही ठेवावी लागते. मी सुरुवातीला ठेवली नव्हती, सगळं डोक्यात आहे असा गैरसमज होता. पहिला खर्डा एका मैत्रिणीला वाचायला दिला तर तिचा मेसेज आला, “ही सुमनची नणंद किती महिने प्रेग्नंट आहे गं?” मी कॅलेंडर घेऊन मोजलं तर चौदा. चौदा महिने! सातव्या प्रकरणात तिला दिवस गेलेत ते अकराव्यातही आहेत, आणि मध्ये एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा आणि शाळेचं नवीन वर्ष येऊन गेलं. त्या दिवशी एक्सेल उघडलं आणि नाव, जन्मसाल, प्रत्येक प्रकरणाच्या वेळचं वय असे कॉलम केले. पण सगळ्यात कामाचा कॉलम निघाला तो “कोणाला काय कधी कळलं” हा. कारण वयाची चूक कोणीतरी सहज पकडतं, पण माहितीची चूक आतल्या आत सगळं सडवते. माझ्या बाराव्या प्रकरणात धाकटी बहीण एका पत्रावरून सुमनवर भडकते आणि ते पत्र तिला सापडतं पंधराव्यात. मी सहा महिने ते भांडण इतकं प्रेमाने घासूनपुसून चकचकीत केलं होतं, आणि भांडणाचं कारणच अजून जन्माला आलेलं नव्हतं.

मराठीत लिहिताना अजून एक प्रकार आहे, इंग्रजीवरून घेतलेल्या सल्ल्यांत तो कधी नसतो कारण त्यांना तो प्रश्नच पडत नाही. वडील आले की वडील “तो आला” की “ते आले”? हसू नका, यावर माझे दोन महिने गेलेत. सुमनच्या नजरेतून लिहिलं की ते आले, ते बसले, बरोबर वाटतं, मुलगी बापाला मनात सुद्धा अरेतुरे करत नाही, निदान सुमन करत नाही. पण नववं प्रकरण वडिलांच्या तरुणपणाचं आहे, बावीस वर्षांचा पोरगा आहे तो, तिथे “ते सायकलवरून उतरले” लिहिलं की सायकलवरून एकदम पंचावन्न वर्षांचा माणूस उतरतो. तिथे तो पाहिजे. पण मग दहाव्यात परत ते! मैत्रीण म्हणाली की नवव्यात वडील एकदम परके वाटतात गं. मी आधी घाबरून सगळीकडे ते करून टाकलं, मग परत तो केलं, आणि शेवटी तोच ठेवला, कारण त्या प्रकरणात तो जे वागतो ते बघून कुठल्याही मुलीला ते म्हणवलं नसतं. परकाच वाटायला हवा होता तिथे.

तसंच मी-निवेदनाचं. मराठीत “मी गेले” म्हटलं की पहिल्याच क्रियापदाला कळलं की बाई बोलतेय, लपवणं फार अवघड. मधे मला एक प्रकरण असं लिहायचं होतं की बोलणारं कोण आहे, भाऊ की बहीण, ते शेवटपर्यंत कळू नये. दोन पानं कसरत केली, “मला वाटलं”, “माझ्याच्याने राहवलं नाही”, “मला निघावं लागलं”, सगळी अशी वाक्यं की ज्यात मी काही करतच नाही, सगळं माझ्यावर आपोआप घडतंय. वाचलं तर ते माणूस आजारी असल्यासारखं वाटत होतं. सोडून दिलं.

शब्द मोजण्याबद्दल पण सांगते. तो नोव्हेंबर महिन्यात ५० हजार शब्द लिहायचा उपक्रम १९९९ साली अमेरिकेत सुरू झाला होता, रोजचे १,६६७ पडतात, तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद पडली पण तो आकडा मात्र सगळ्यांच्या डोक्यात राहिला. आता “घरासमोरच्या अंगणात” हे मराठीत दोन शब्द. हेच इंग्रजीत लिहायला आठ लागतात. आपण शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय नामाला चिकटवून मोकळे होतो त्यामुळे आपले शब्द कमी पण लांब. म्हणजे इंग्रजीतला हजाराचा कोटा उचलून मराठीला लावला की बिचारी मराठी लिहिणारी व्यक्ती तेवढ्याच आकड्यासाठी बरंच जास्त लिहिते आणि वर स्वतःला आळशी समजते. मी समजले, दीड वर्षं. नंतर आकडा बघायचा सोडला, प्रसंग मोजायला लागले, आज हा प्रसंग पुढे सरकला का, हो की नाही.

आणि मधला भाग. देवा. सुरुवात सगळ्यांना जमते, अगदी सगळ्यांना, कारण सुरुवातीला सगळी उचल असते. एक गूढ पत्र आणा, न बोलणारा भाऊ आणा, एक बंद खोली आणा, कोणी विचारत नाही परत कधी करणार. साधारण १३०-१४० पानांवर हप्ते सुरू होतात. पहिल्या कादंबरीत मी इतकी उचल करून ठेवली होती की फेडायला काही शिल्लकच नव्हतं, न बोलणारा भाऊ का बोलत नाही हे मलाच माहीत नव्हतं, लिहिता लिहिता सुचेल असं वाटलेलं. नाही सुचलं. ती फाईल अजून आहे, उघडत नाही मी.

दुसरीतही तिथेच अडकले. चार महिने. त्या काळात मी काय केलं तर पाऊस लिहिला. म्हणजे पुढे काय होणार ते कळत नसलं की माझी पात्रं खिडकीशी जाऊन पाऊस बघायची, हे मला नंतर कळलं. एकदा फाईंडमध्ये “पाऊस” टाकून बघितलं तर अठरा महिन्यांच्या गोष्टीत २३ वेळा खिडकीतून पाऊस बघितलेला, त्यातला एक तर भर मार्चमध्ये. त्यातले १९ काढले. काढल्यावर खाली काय दिसलं असेल? प्रत्येक पावसाखाली एक न लिहिलेला प्रसंग होता. दोन माणसं बोलायला हवी होती आणि मी त्यांना बोलू दिलं नव्हतं, कारण ते काय बोलतील याची मलाच भीती वाटत होती. सुमन आणि तिच्या आईचं घर विकण्याबद्दलचं बोलणं मी तीन पावसांनी टाळलं होतं. ते लिहिलं आणि मधला भाग हलला.

दुसरं म्हणजे मामा. कादंबरीत एक मामा होता, विनोदी, सगळ्यांना आवडायचा, लिहिताना मलाही मजा यायची, बोटं थांबायची नाहीत, त्या दिवसांत माझे हजार काय पंधराशे शब्द व्हायचे बरं का. अकरा हजार शब्द मामाचे. पण मामाने अख्ख्या कादंबरीत एकही गोष्ट बदलली नाही, तो यायचा, बोलायचा, जायचा. काढला. पूर्ण. काढून त्याची वेगळी फाईल केली आणि दोन दिवस घरात कोणी गेल्यासारखी फिरत होते. आश्चर्य म्हणजे नंतर ज्या पाच जणांनी कादंबरी वाचली त्यातल्या कोणालाही काही राहिलंय असं वाटलं नाही. मामासाठी मला अजून वाईट वाटतं.

मधल्या काळात फोनवर बोलून टाइप करायचा प्रयोग पण करून झाला, प्रवासात वेळ सत्कारणी लागेल म्हणून. दोस्तोयेव्हस्कीने १८६६ साली एक आखी कादंबरी २६ दिवसांत बोलून लिहून घेतली होती, प्रकाशकाची मुदत डोक्यावर होती म्हणून लघुलेखन येणारी मुलगी ठेवली, अॅना तिचं नाव, आणि पुढच्या वर्षी त्यांनी लग्नच केलं. माझं आणि माझ्या फोनचं तसं काही जुळलं नाही. त्याला पूर्णविराम कळेना, अवतरणचिन्ह तर नाहीच, कोण बोललं आणि कोणाला बोललं सगळं एका ओळीत, आणि गर्दीत “आई मला हे घर विकायचं नाहीये” असं मोठ्याने म्हणणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते मी सांगायला नको. शिवाय मी बोलते तेव्हा सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलतात. ते एक मात्र त्यातून कळलं, आणि ते कळणं कामाचं होतं. नंतर संवाद मी प्रत्येक पात्राचे वेगळे काढून सलग वाचले, नुसते सुमनचे, मग नुसते आईचे, आणि नावं झाकली तर कोण बोलतंय ते कळत नव्हतं. आईच्या तोंडून सगळ्या तक्रारी काढून टाकल्या, तिला फक्त प्रश्न विचारायला दिले, तेव्हा कुठे आई वेगळी झाली.

घरच्यांचं काय सांगू. लिहिणारं माणूस बाहेरून रिकामं दिसतं हाच मोठा प्रॉब्लेम आहे. स्वेटर विणत असते तर कोणी हाक मारण्याआधी दोनदा विचार केला असता. सासूबाई एकदा पाच मिनिटं दारात उभ्या राहून बघत होत्या, मग म्हणाल्या, “काही लागलंय का डोळ्यांत?” मी म्हटलं नाही आई, विचार करतेय. त्या म्हणाल्या, “मग झोपून कर की.” मुलगा दर महिन्याला विचारायचा, “आई, संपली का?” आणि दुसऱ्या वर्षानंतर त्याने विचारणं सोडलं, ते जास्त लागलं. मात्र चौदा महिन्यांच्या नणंदेचा किस्सा सासूबाईंना सांगितला तेव्हा त्या इतक्या हसल्या की नंतर स्वतःहून विचारायला लागल्या, झाली का गं ती बाळंत.

वाचून दाखवण्याबद्दल एवढंच की ओळखीचे लोक “छान आहे” म्हणतात आणि त्याचं काही करता येत नाही. मी शेवटी प्रश्न बदलला. कशी वाटली असं न विचारता खाली कुठे ठेवलीस असं विचारायला लागले. चहाला उठलीस, झोप आली, फोन आला, काहीही असो, पान नंबर सांग. पाचातल्या तिघांनी साधारण एकाच जागी ठेवली होती, १६० च्या आसपास, आणि तिथे मी सुमनच्या नोकरीची माहिती तीन पानं दिली होती कारण मी ती कष्टाने गोळा केली होती. कष्ट केलेत म्हणून छापायचं असं नसतं हे अकाउंट्समध्ये पण शिकवत नाहीत.

छापण्याच्या बाजूचं फार लिहीत नाही. एका प्रकाशकाकडून सात महिने काहीच उत्तर नाही, दुसऱ्यांनी थोडी कमी करून द्या म्हटलं आणि ते बरोबर होतं. पण त्यांच्याकडे मजकूर छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लागतो, मी लिहिलेलं युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालतं त्या टायपिंगमध्ये, ते बदलताना सगळे “दुसऱ्या” “दुसर्या” झाले आणि “सुऱ्या” नावाचा माझा एक गुंड पोरगा अख्ख्या कादंबरीत “सुर्या” होऊन बसला, एकदम सभ्य. आता ७८ हजार शब्दांतले सगळे ऱ्य शोधत बसलेय. हे पण कादंबरी लिहिण्यातच धरायचं का? मी धरते.

म्हणून संपादक महाराज, विनंती अशी. तुमच्या पुरवणीत लेखकांच्या मुलाखती येतात, मी सगळ्या वाचते, त्यात प्रेरणा कुठून मिळाली, पहिली ओळ कशी सुचली, रोज किती लिहिता हे असतं. कधीतरी एकदा विचारा ना त्यांना की काय काढून टाकलंत. कोणतं पात्र गेलं, किती पानं गेली, कुठल्या पानावर किती महिने अडकला होतात, आणि शक्य असेल तर एका वाक्याचा पहिला खर्डा आणि शेवटचा शेजारी शेजारी छापा. जागा फार लागणार नाही. माझ्यासारखी दहा माणसं तरी असतील ज्यांची कादंबरी आत्ता १४० पानांवर आहे आणि जी तुमचा तो लेख वाचून, आपल्याकडून तीन महिन्यांत झालं नाही म्हणजे आपल्यात ते नाहीच असं समजून फाईल बंद करत असतील. त्यांना कोणाचातरी काढून टाकलेला मामा दाखवा.

नाव छापू नये, ऑफिसात माहीत नाहीये.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. : या पत्राच्या पहिल्या खर्ड्यात शेवटी अजून एक परिच्छेद होता, काल रात्री लिहिलेला. पहाटे वाचला आणि काढला. खिडकीतून पाऊस दिसत होता त्यात.